सारो मेस्त्रीचा मधुबाज

सकाळी तोंड धुतलं की सारो मेस्त्री गच्चीवर जायचा आणि उजव्या हाताचं बोट आभाळाकडे रोखायचा. एक डोळा मिटलेला. समोरून जे काही उडत जाईल, पारवा, पाकोळी, बंदरावरून भरकटत वर आलेला एखादा समुद्रपक्षी, त्याच्या जरासं पुढे बोट न्यायचं, श्वास धरायचा आणि जीभ टाळूला लावून म्हणायचं, "टक्." मग खाली येऊन कॉफी.

नातीना लग्न होऊन या घरात आली तेव्हा पहिल्याच सकाळी तिने हे पाहिलं. तिला वाटलं, सासरा देवाला काहीतरी दाखवतोय.

"नेम धरतोय," तिचा नवरा बास्तियानो म्हणाला. "वसंत येईपर्यंत हाताला विसर पडू नये म्हणून."

पेत्राल्ता हे गाव इटलीच्या दक्षिण टोकाला, डोंगराच्या कुशीत बसलेलं. खाली बर्गामोत्तो नावाच्या सुगंधी लिंबांच्या बागा, त्यांच्या खाली सामुद्रधुनीचं निळं पाणी, पलीकडे सिसिली. एप्रिल सरत आला की आफ्रिकेतून निघालेले मधुबाज ते पाणी ओलांडून येतात आणि गावाच्या डोक्यावरून उत्तरेकडे जातात. कधी एकेकटे, कधी दोऱ्यात ओवल्यासारखे एकामागून एक. गावातले पुरुष त्यांना आदोर्नो म्हणत, आणि दर वसंतात प्रत्येकाने एक तरी पाडायचाच अशी रीत होती. ज्याला जमलं नाही त्याच्या डोक्यावर शिंगं उगवणार, म्हणजे त्याची बायको दुसऱ्याकडे बघणार. सरकारने ही शिकार बंद करून बराच काळ लोटला होता. शिंगं मात्र कुणी बंद केली नव्हती.

सारो गवंडी. गावातल्या निम्म्या भिंती त्याच्या हातच्या, आणि डोंगराच्या सोंडेवरचं ते बुटकं सिमेंटचं खोपटंही त्याचंच, ज्याच्या फटीतून तो आणि त्याचे सोबती बाजांची वाट बघत बसायचे. त्याचा एकही वसंत कोरडा गेला नव्हता. पहिला बाज त्याने लग्नाच्या वर्षी पाडला आणि मारियान्नाच्या, म्हणजे बायकोच्या, पायाशी आणून ठेवला. पुढे मारियान्ना गेली. पण दर मे महिन्यात बाज पडला की सारो कबरस्तानात एक चक्कर टाकायचा, हात मागे बांधून, मुकादमाला काम झाल्याचं सांगायला जावं तसा.

नातीनाचं चौकात फोटोचं दुकान होतं, मामाकडून आलेलं. बाप्तिस्मे, लग्नं, ओळखपत्रांचे चेहरे. आणि मे महिन्यात पुरुष. पांढरा सदरा घालून, केसांना पाणी लावून, मेलेल्या बाजाचे पंख दोन्ही हातांनी ताणून ते तिच्यासमोर उभे राहत.

"हनुवटी वर," ती म्हणे. "पक्ष्याची नव्हे, तुमची."

ते फोटो मग मीकोच्या बारमध्ये भिंतीवर लागत. सकाळी कॉफी आणि संध्याकाळी वाइन पिताना सगळ्यांना दिसतील असे. ज्याचा फोटो नाही, त्याच्या पाठीमागे कुणीतरी दोन बोटं उभी करून शिंगं दाखवायचं, आणि सगळा बार खिदळायचा.

नातीनाने त्या पक्ष्याचा डोळा कधी उघडा पाहिला नव्हता. मग एका वर्षी, संताच्या मिरवणुकीत मूर्तीचा चेहरा गर्दीपलीकडून टिपता यावा म्हणून तिने एक लांब भिंग विकत घेतलं. ते तपासायला गच्चीवर गेली असताना त्यात एक मधुबाज आला. जिवंत. रस्त्याने जाणारा माणूस उघड्या खिडकीकडे पाहतो तसं त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं आणि तो पुढे गेला. बटण दाबायचं राहूनच गेलं. त्या दिवसापासून मे महिन्यातलं गिऱ्हाईक दारात आलं की तिची नजर आधी पक्ष्याच्या मिटल्या डोळ्यावर जायची. पण ती बोलली नाही. गावात दुकान चालवायचं होतं, आणि घरात सासरा होता.

अशात सारोच्या उजव्या डोळ्यावर धुकं उतरलं. डॉक्टरने मोतीबिंदू सांगितला. सारोने डॉक्टरला गाढव म्हटलं आणि घरी आला.

त्या वसंतात डोंगराची चढण त्याला झेपेना, म्हणून तो गच्चीवरूनच बंदुकीचे बार काढू लागला. दिवसामागून दिवस छर्रे आभाळात जात आणि बाज आपल्या वाटेने. मग एका रविवारी दुपारी समोरच्या घरावरचा टीव्हीचा अँटेना खणखणला आणि कमरेत वाकून आडवा झाला. घर मीको बारवाल्याचं. आत फुटबॉलचा सामना ऐन रंगात आलेला. बघता बघता सगळी गल्ली रस्त्यावर उतरली.

मीकोची बायको विन्चेन्झा कमरेवर हात ठेवून ओरडली, "सारो मेस्त्री! माझा अँटेना काय आफ्रिकेतून उडत आला होता?"

"वाऱ्याने पडला असेल," सारो गच्चीवरून म्हणाला.

"वाऱ्याच्या हातात बंदूक होती, मी बघितली!"

मीको दारात आला. त्याच्या थोरल्या मुलाचा धर्मपिता सारो, म्हणून दोघे एकमेकांना कुम्पारे म्हणत. "जाऊ दे, कुम्पारे," तो म्हणाला, "पाडलास तो पाडलास. आता नातीनासमोर उभा राहा आणि अँटेनाबरोबर फोटो काढून घे. लावतो भिंतीवर."

गल्ली हसली. सारोही हसला. पण खाली आला तेव्हा त्याचा चेहरा ओल्या सिमेंटसारखा झाला होता. त्याच संध्याकाळी बास्तियानोने बंदूक कपाटात ठेवून कुलूप घातलं.

"पापा, उद्या माणसाला लागेल," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून सारोने टेबलावर जेवणं सोडलं. बोट रोखायलाही तो वर गेला नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीशी खुर्ची ओढून नुसता बसायचा. आभाळात बाज दिसला की भिंतीकडे बघायचा.

नातीना वाटीत घेवडा आणि पाव घेऊन त्याच्याकडे गेली.

"जेवा, पापा."

"मेचा मध्य आला," तो म्हणाला. "आठवडाभरात वाट रिकामी होईल."

"होऊ दे की. तुम्हाला कसली शिंगांची भीती? मम्मा जाऊन किती वर्षं झाली."

"मीकोचा थोरला भाऊ तिच्या शेजारच्याच रांगेत पुरलाय," सारो गंभीरपणे म्हणाला. "तरुणपणी त्याचा डोळा होता तिच्यावर."

नातीनाने ओठ दाताखाली धरला, तरी हसू फुटलंच.

"हसू नकोस, पोरी. मलाही कळतं ते. शिंगंबिंगं काही नसतात." त्याने वाटी मांडीवर घेतली, पण चमचा उचलला नाही. "पण दर वर्षी मी जातो आणि तिला सांगतो, मारियान्ना, पाडला. दुसरं काही बोलता येत नाही मला तिथे. ह्या वर्षी काय सांगू? हात हलवत आलो म्हणून?"

नातीना उठली. दुकानात गेली, लांब भिंग लावलेला कॅमेरा घेऊन आली आणि तिने तो त्याच्या मांडीवर, वाटीच्या शेजारी ठेवला.

"उजवा डोळा रुसलाय ना? डावा लावा."

"डाव्या खांद्याला बंदूक बसत नाही. दस्ता उजव्या गालासाठी घडवलाय."

"ह्याला दस्ता नाही. अंतर मी लावून देते. तुम्ही फक्त बटण दाबायचं."

सारोने कॅमेरा हातात तोलला, उलटासुलटा केला, एकदा बटण दाबून पाहिलं. "उंदराने पाव कुरतडावा तसा आवाज," तो म्हणाला. "एवढ्याने काय मरणार?" पण संध्याकाळी वाटी रिकामी होती, आणि सकाळी तो गच्चीवर होता.

दोन दिवसांत त्याने अख्खा रोल संपवला. हात दगडासारखा स्थिर होता त्याचा. आयुष्यभर ओळंबा धरलेला हात. श्वास धरायचा कसा, वाट बघायची कशी, हे त्याला शिकवायची गरज नव्हती. तो छाती काढून दुकानात आला. "दोनतीन तरी अगदी छातीत बसलेत," तो म्हणाला. "धुऊन दे."

नातीनाने रोल धुतला, वाळवला, भिंगाखाली धरला. मग पुन्हा धरला. मग बास्तियानोला हाक मारली.

आभाळ. पुढच्या चौकटीत आभाळ. त्याच्या पुढच्यात आभाळ आणि कडेला चोचीचं टोक. पुन्हा आभाळ. शेवटपर्यंत स्वच्छ, नितळ, रिकामं आभाळ.

"कॅमेरा बिघडलाय," सारो म्हणाला.

"कॅमेरा ठीक आहे, पापा. तुम्ही धरता कुठे?"

"धरतात तिथेच. पक्ष्याच्या पुढे, दोन पंख सोडून. माझ्या बापाने शिकवलंय."

नातीना आता मात्र मोठ्याने हसली, डोळ्यांत पाणी येईतो. "ते बंदुकीला. छर्ऱ्याला पोचायला वेळ लागतो. ह्याला लागत नाही. पक्षी जिथे आहे तिथेच धरायचं."

"जिथे आहे तिथेच?"

"तिथेच."

सारो खुर्चीत बसला. हाताने गुडघा चोळत राहिला. "म्हणजे आयुष्यभर मी पक्षी नव्हता तिथे बघत होतो," तो शेवटी म्हणाला.

"आणि अँटेना होता तिथे," बास्तियानो म्हणाला. सारोने टोपी काढून त्याला फेकून मारली. महिन्याभरात बापलेक पहिल्यांदा एकमेकांकडे बघून हसत होते.

पण हाताची सवय सुटणं सोपं नव्हतं. पुढच्या रोलमध्ये बाज आले, पण अर्धे. कुठे डोकं, कुठे एक पंख. हात आवरायला जाऊन तो मागे रेंगाळला की नुसत्या शेपट्या. एका चौकटीत विन्चेन्झाच्या दोरीवरची चादर एवढी छान आली होती की नातीनाने तिला ती प्रत देऊन टाकली. दुपारी गल्लीतली बायामाणसं मान वर करून विचारू लागली, "मेस्त्री, आज काय? शेपूट की चोच?" सारो वरून एकेकाचा उद्धार करायचा, पण त्याचा आवाज मोकळा झाला होता. सकाळचं बोटही पुन्हा सुरू झालं. फक्त आता ते पक्ष्याच्या पुढे जाण्याऐवजी त्याच्या छातीवर टेकवून, त्याच्यासोबत हळूहळू सरकवत न्यायचा सराव चालला होता. "टक्" मात्र तेच.

बाज कमी होत चालले. एक पूर्ण दिवस काहीच आलं नाही. सारो अंधार पडेपर्यंत खुर्चीत बसून राहिला आणि मुकाट्याने खाली आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पश्चिमेचा वारा सुटला. असा वारा असला की पलीकडून निघालेले पक्षी ढकलले जाऊन गावावरून अगदी कमी उंचीने उडतात. नातीना गच्चीवर ओले कपडे पिळत होती. बास्तियानो जिन्याच्या तोंडाशी दात कोरत उभा होता. आणि पाण्याच्या बाजूने तो एकटाच आला, पंख पसरून, एकदाही न हलवता, जणू कुणी त्याला अलगद सरकवत आणत होतं.

सारोने कॅमेरा डाव्या डोळ्याला लावला. बाज विन्चेन्झाच्या छपरावर आला.

"दाबा," नातीना पुटपुटली.

तो दाबेना. कॅमेरा पक्ष्याबरोबर हलत होता, बरोबरीने, ना पुढे ना मागे.

"पापा, दाबा ना!"

बाज त्यांच्या धुराड्यावर आला, इतका खाली की पोटावरचे तपकिरी पट्टे नुसत्या डोळ्यांनी मोजता यावेत. त्याने मान वाकडी करून खाली पाहिलं.

"टक्," सारो जिभेने म्हणाला आणि बटण दाबलं.

अंधाऱ्या खोलीत, लाल दिव्याखाली, तो नातीनाच्या खांद्यामागे उभा राहिला. ताटातल्या द्रावणात पांढरा कागद. मग कागदावर धुराड्याची कड. मग एक पंख, दुसरा पंख, आणि मधोमध, सरळ त्याच्याकडे बघणारा डोळा, भोवती फिकं कडं.

"आला," सारो कुजबुजला. मग म्हणाला, "इतके पाडले मी. असं कडं असतं डोळ्याला, हे माहीत नव्हतं. हातात येईपर्यंत मिटलेला असायचा."

फोटो वाळायच्या आधीच तो मीकोच्या बारमध्ये घेऊन गेला. नातीनालाही बरोबर नेलं, साक्षीदार म्हणून. पत्ते खाली ठेवून सगळे जमले. फोटो हातोहात फिरला.

"पक्षी चांगला आहे," मीको म्हणाला. "पण कुम्पारे, ह्याच्यात तू कुठे आहेस?" भिंतीवरच्या एकूण एक फोटोत बाजाबरोबर माणूस होता.

"मी ह्या बाजूला आहे," सारो म्हणाला.

"कुणीही म्हणेल असं. सुनेने काढला असेल."

"धुराडं बघ. माझ्या हातचं आहे. आणि सुनेने काढला असता तर धुराडं सरळ आलं असतं."

एक जण म्हणाला, पिसं नाहीत तर मोजायचं कसं? दुसरा म्हणाला, हा तर अजून जिवंत आहे, उद्या आणखी कुणी पाडला तर तो कुणाचा? एकाने सारोच्या पाठीमागे दोन बोटं उभी केलीच. वाद चढत गेला. सारो फोटो छातीशी धरून उभा होता, आणि नातीनाला दिसलं की तो दाराकडे बघतोय. हे लोक नाही म्हणाले तर उद्या तो कबरस्तानात जाणार नाही, हे तिला कळलं. तिने तोंड उघडलं, पण तिच्याआधी कपाळावरचे केस मागे सारत विन्चेन्झा गल्ल्यामागून बाहेर आली.

"एक विचारू?" ती म्हणाली. "शिंगं लावतं कोण?"

मीको पेला पुसू लागला.

"बायका लावतात ना? मग लावायची की नाही हे तुम्ही पुरुष कसं ठरवता? आम्ही ठरवणार. मी म्हणते, हा बाज धरला." तिने सारोच्या हातातून फोटो घेतला, भिंतीशी गेली आणि नवऱ्याच्या फोटोच्या वर तो टाचला. "आणि मीको, तू ह्या वर्षी जो आणलास ना, तो तुझ्या मेहुण्याने पाडलेला. मला सगळं माहीत आहे."

बार असा हसला की रस्त्यावरची कुत्री भुंकायला लागली. मीकोने लालबुंद होऊन सगळ्यांना फुकट वाइन पाजली.

दुसऱ्या दिवशी सारो कबरस्तानातून परतला आणि दुकानात येऊन म्हणाला, "आणखी एक प्रत काढ. बारच्या भिंतीवरची मी तिथे ठेवून आलो. मीकोच्या भावाकडे पाठ करून."

सगळं गाव काही एका वसंतात बदललं नाही. काही जण पुढेही बंदुका घेऊन वर जात राहिले. पण पुढच्या मे महिन्यात दोघांनी नातीनाकडे भाड्याने कॅमेरा मागितला, आणि चौकात रिकाम्या आभाळांचे गठ्ठे हिंडू लागले. सारो त्यांना गुरूसारखा सांगायचा, "जिथे आहे तिथे, गाढवांनो, जिथे आहे तिथे!" बंदुकीचं कपाट घरात सगळ्यात कोरडं, म्हणून नातीनाने त्यात भिंगं ठेवली. मेस्त्रीने मुकाट्याने मोतीबिंदूही काढून घेतला.

मग त्याच्या पायाला भिंगरी लागली. सैन्यातली वर्षं सोडली तर तो कधी पाणी ओलांडून गेला नव्हता. आता बास्तियानोच्या लहानशा गाडीत पुढच्या जागेवर कॅमेरा मांडीवर घेऊन बसायचा आणि मागे नातीना, पाव, सॉसेज आणि अंजिरांची टोपली. सिसिलीतल्या मिठागरांवर त्याने रोहित पक्षी पाहिले. "ह्यांना कुणी शिंगांची भीती घातली नाही, म्हणून एवढे ऐटीत चालतात," तो म्हणाला. ग्रीसमधल्या एका तळ्यावर झोळीवाल्या पाणकोळ्यांचे फोटो काढताना नावेत उभा राहिला आणि थेट पाण्यात बसला. कॅमेरा मात्र वर धरलेला, कोरडा. स्पेनच्या टोकाला, करकोचे आफ्रिकेकडे निघताना, एका म्हाताऱ्या स्पॅनिश शिकाऱ्याशी त्याची मैत्री जमली. दोघे आपापल्या भाषेत बोलत होते. रात्री जेवताना सारो म्हणाला, "बिचाऱ्याच्या गावात शिंगांची रीतच नाही. मग ते एवढा नेम कशासाठी धरायचे, देव जाणे." त्याला सगळ्यात आवडलं ते मात्र कासव. एका माळावर एकाच कासवावर त्याने जवळजवळ अख्खा रोल संपवला. "हा समजूतदार," तो म्हणाला. "पुढे धरा, मागे धरा, येतोच."

शेवटच्या वसंतात तो गच्चीचा जिना चढू शकत नव्हता. बास्तियानोने त्याची खुर्ची त्याच्या खोलीबाहेरच्या सज्जात ठेवली होती. एप्रिल संपत आलेला, वाट नुकतीच सुरू झालेली, आणि समोर विन्चेन्झा चादरी वाळत घालत होती. त्याच दुपारी तो त्या खुर्चीत गेला, झोपेत, कुणालाही हाक न मारता. सकाळी नातीना दुकानाला निघाली तेव्हा त्याने तिला जिन्यातून परत बोलावलं होतं.

"येताना दोन रोल आण," तो म्हणाला. "आणि ताजे आण. मागच्या वेळी मुदत संपलेला माझ्या गळ्यात मारलास."